रिकामा ठेवलेला कप्पा

काका, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार माझा नाही. मी तुमच्या नात्यातला नाही, तुमच्या कंपनीतला नाही, तुमच्या घरी एकदाही आलेलो नाही. लिहिण्याचीही मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे दाखल्यांचे अर्ज, बँकेची उत्तरं, चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर हे सगळं माझ्याकडे येतं आणि मी ते लिहून देतो. त्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तरीही लिहायला बसलोय, कारण तुम्ही गेलात हे 'विचारपूस' या आपल्या फोरमवर अजून कोणालाच माहीत नाही आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलंय.

आणि लिहून झालं तरी हे टाकायचं कुठे? शेती, पाणी, रस्ते, शिक्षण, भाड्याच्या खोल्या, नोकरी, कागदपत्रं, सूचना, ओळख. एवढे कप्पे तुम्ही केलेत. प्रत्येक कप्प्याच्या पोटात उपकप्पे, त्यांच्या पोटात आणखी खण. पाणी उघडलं की विहीर, बोअर, टँकर, सोसायटी. टँकर उघडला की दर, वेळ, तक्रारी. बावधनच्या सोसायटीतल्या बाईंनी टँकरवाल्याची तक्रार करायची तर त्यांना तीन दारं उघडावी लागतात. एवढं सगळं करून ठेवलंत, आणि एका माणसाबद्दल मनातलं लिहायचं तर त्याला जागा नाही.

राग आलाय मला, काका. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणते. पण बातमी मला इतक्या उशिरा कळली की मी तुम्हाला खांदा द्यायला नव्हतो, घरी भेटायला नव्हतो, कशालाच नव्हतो. ती कशी कळली ते शेवटी लिहितो. ते आधी लिहिलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

तुमची माझी ओळख भांडणानंच झाली. बारावीचा निकाल लागला होता. घरात सल्ला द्यायला कोणी नव्हतं. वडील कंपनीत पेंटशॉपला, त्यांना एवढंच कळत होतं की पोरानं पेंटशॉपला जाऊ नये. कोणीतरी सांगितलं की तालुक्याचा एक फोरम निघालाय, तिथे विचार. मी 'ओळख' हा कप्पा उघडला आणि मला जमेल तसं नीट लिहिलं. नमस्कार, मी अनिकेत, भरे गावचा. आमचं घर मारुतीच्या देवळामागं. वडील अमुक कंपनीत. आजोबांना बरेच जण ओळखतात कारण ते भजनात पखवाज वाजवायचे. धाकटा भाऊ नववीत आहे. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, की बीसीए घ्यावं का बीएस्सी कॉम्प्युटर, कोणी सांगेल का.

सकाळी बघतो तर पोस्ट गायब. मला वाटलं आपल्याला हाकललं. पानाच्या तळाशी तुमचा नंबर होता. तो लावला.

"काका, माझं काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही. चुकीच्या रॅकला होतं. उचलून शिक्षण, पदवी, प्रवेशात ठेवलंय. बघ तिथं."

"पण माझी सगळी ओळख काढून टाकली तुम्ही. नुसता प्रश्न राहिला."

"मग? बीसीए का बीएस्सी हे काय आजोबांच्या पखवाजावर ठरणार आहे?"

मग वेगळ्याच आवाजात विचारलंत, "मारुतीच्या मागं म्हणजे ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं. तुम्हाला काय माहीत आमचा ओढा?"

"आमच्या कंपनीत निम्मी माणसं तुमच्याच बाजूची होती," असं म्हणालात आणि गणितात किती मार्क पडले ते विचारलंत.

त्यानंतर तुम्ही मला जे सांगितलंत ते मला कोणत्याही शाळेत सांगितलं नव्हतं. कुठल्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब खरंच चालू असते आणि कुठे नुसती कुलूपबंद असते ते जाऊन बघायला सांगितलंत. शिपायाला विचार, साहेबाला नको, म्हणालात. मी गेलो, विचारलं, आणि ज्या कॉलेजचं नाव मोठं होतं ते सोडून दुसरं घेतलं. आज तिसऱ्या वर्षाला आहे. ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आपण भेटलो की पाच मिनिटांत वाद सुरू व्हायचा.

पिरंगुटच्या कंपनीत तुमची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. तिथे तुम्हाला स्टोअरकाका म्हणायचे, फोरमवरही तेच नाव घेतलंत, आणि मलाही दुसरं नाव माहीत नव्हतं. आपण भेटायचो ते कॉलेज सुटल्यावर, फाट्यावरच्या हॉटेलात. तुम्ही बावधनहून बसनं यायचात, पिशवीत लॅपटॉप, लॅपटॉपला टॉवेल गुंडाळलेला. चहा आला की आधी साखरेची बरणी, पाण्याचा जग, बशी असं सगळं टेबलाच्या कडेला सरळ रेषेत लावायचात. हॉटेलवाला म्हणायचा, "काका, आता कपाला नंबर चिकटवायचा तेवढा राहिलाय."

तुम्ही हसायचात, पण तुम्हाला ते खरंच पटलेलं असायचं. स्टोअरमध्ये म्हणे प्रत्येक वस्तूला रॅक, फळी, आणि फळीवरचा खण ठरलेला. वस्तू संपली तरी खणावरची पाटी काढायची नाही. एकदा कोणीतरी एक बेअरिंग शेजारच्या खणात ठेवलं आणि अख्खी शिफ्ट मशीन बंद राहिलं, ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की ते बेअरिंग मीच ठेवलं होतं असं मला वाटायला लागलं.

मला तुम्ही नियंत्रक केलंत. कोणी चुकीच्या कप्प्यात लिहिलं की उचलून बरोबर कप्प्यात न्यायचं, हे माझं काम. काय सांगू काका, दोन वर्षं मी दुसरं काहीच केलं नाही. लोक सगळं 'ओळख'मध्येच लिहायचे. रस्त्यातले खड्डे ओळखमध्ये, गाय आटली ते ओळखमध्ये, उत्पन्नाचा दाखला ओळखमध्ये. कारण उघड आहे. आपल्याकडे कोणाच्या दारात गेलं की कोणी थेट काम सांगत नाही. मी कुठला, कुणाचा, तुमचं नि आमचं नातं कसं लागतं, हे आधी होतं. मग पाणी येतं, चहा येतो, आणि उठता उठता कामाचं निघतं. लोकांनी फोरमवरही तेच केलं. तुम्ही म्हणायचात हा आळस आहे. मी म्हणायचो ही रीत आहे.

दगडूमामांचं तर तुम्ही विसरला नसाल. आमच्या गावचे दगडूमामा, नातीकडून मोबाईल शिकले आणि एक भली मोठी पोस्ट बोलून टाकली. त्यात बैल विकायचाय, वरची खोली भाड्याने द्यायचीय, नात दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि बांधकामाच्या डंपरनी रस्त्यावर चिखल केलाय, हे सगळं एका दमात. तुम्ही त्याचे चार तुकडे केलेत. बैल शेतीत, खोली खोल्यांत, नात शिक्षणात, डंपर रस्त्यांत. आता मामांना उत्तरं यायला लागली. हिंजवडीतल्या कोणा मुलानं खोलीखाली विचारलं, "बॅचलर चालेल का?" मामांना वाटलं बैलाबद्दल आहे. त्यांनी उत्तर दिलं, "चालंल की. पन औताला जोडीनं चालतो, एकटा न्हाई."

हॉटेलात हे वाचून तुम्ही चहा सांडलात. मीही हसलो. पण संध्याकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा हसू येईना.

"आरं आन्या, मी एकदाच बोललो हुतो. हितं चार ठिकानी कोन बोलतंय मग?"

"मामा, तुमचंच आहे. वेगवेगळ्या जागी ठेवलंय. लोकांना सापडावं म्हणून."

"मला सापडना झालंय, लोकांचं काय घिऊन बसलास. नातीचं कवतिक वाचून चार मानसं खोली बगाया आली आसती. बैल घ्याया आलेल्यानं चिकलाचं बगितलं आसतं. एकात एक आसतं ते. तुमी लई शिकल्याली मानसं, मटनाचा रस्सा येगळा, मसाला येगळा, मीठ येगळं वाडाया लागला."

दुसऱ्या दिवशी मी हे तुम्हाला शब्दाला शब्द सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मामांना सांग, बैल विकला गेला ना?" बैल विकला गेला होता, हे खरं. खोलीही गेली. पण मामा परत फोरमवर आले नाहीत, हेही खरं, आणि ते तुम्ही मोजत नव्हता.

तरी एक गोष्ट तुमची मला पटली होती आणि ती मी तुमच्यापुढे कबूल केली नाही. शिष्यवृत्तीचं काम अडलं होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर गेलो की मला आधी सगळं सांगावंसं वाटायचं, वडील कुठे असतात, फॉर्म भरताना लाईट कशी गेली, मागच्या वेळी कोण काय म्हणालं. खिडकीतला माणूस मधेच "पुढे" म्हणायचा. तुम्ही म्हणालात, "तुझं काम कुठल्या कप्प्यातलं आहे ते आधी सांग. एका ओळीत. तो माणूस वाईट नाही, तो कप्पा शोधतोय." मी एक ओळ पाठ करून गेलो. "बँक खातं आधारला जोडलंय, तरी अर्ज परत आलाय, कुठे दाखवू?" त्यानं लगेच दुसरी खिडकी दाखवली आणि काम झालं. बाहेर आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, त्या माणसाला माझ्याबद्दल काहीच कळलं नाही. त्याला कळायची गरजच नव्हती. हे बरं का वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

घरी वडिलांनी एकदा विचारलं, "रोज च्या पितोस त्या काकासंगं. कुनाचं हायेत ते?"

"माहीत नाही. स्टोअरला होते कंपनीत."

"आरं पन गाव कुठलं, आडनाव काय?"

"नाही विचारलं."

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "दोन वरसं च्या पितोस आन् म्हाईत न्हाई? येडा का काय तू?"

मग मी विचारलं, काका. तुम्हाला आठवत असेल. त्याला निमित्त झालं त्या मुलीच्या पोस्टचं. तिनं 'ओळख'मध्ये काही लिहिलं नव्हतं. सरळ शिक्षण, पदवी, वसतिगृह अशी तीन दारं उघडून, अगदी तुम्हाला हव्या त्या खणात विचारलं होतं की पुण्यात मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज कुठे करायचा. त्याखाली आपल्याच लोकांनी लिहिलं, ताई आधी ओळख द्या. कुठल्या तुम्ही, कुणाच्या? एकानं लिहिलं, पूर्ण नाव सांगा म्हणजे सांगायला बरं पडेल. तुम्ही ती सगळी उत्तरं पुसून टाकलीत आणि लिहिणाऱ्यांना कडक भाषेत बजावलंत. चिडून दोघंजण फोरम सोडून गेले.

हॉटेलात मी तुमच्याशी तावातावानं भांडलो. म्हटलं, ही माणसं वाईट नाहीत, आपुलकीनं विचारतात. आमच्याकडे कुणाचा म्हटलं की माणसाला बरं वाटतं. नाव-गाव न विचारता उत्तर देणं म्हणजे परक्यासारखं वागणं.

तुम्ही साखरेची बरणी सरकवत म्हणालात, "मी सगळा जन्म बोल्ट इश्यू केले. खिडकीवर आलेल्याला कुठला बोल्ट, एवढंच विचारलं. कुणाचा, हे नाही विचारलं कधी."

"ते स्टोअर होतं. हा फोरम आहे, माणसांचा."

"म्हणूनच."

"मग ओळखीचा कप्पा ठेवलात कशाला?"

"तुमच्यासारख्यांची सवय मोडत नाही म्हणून. तुला तुझं नाव-गाव सांगायला काही वाटत नाही, अनिकेत. सांगितलं की दार उघडतं, असंच तू बघितलंयस. सगळ्यांचं तसं नसतं."

मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं तुम्ही त्या मुलीचं बोलताय, मुलींनी नाव-पत्ता देऊ नये वगैरे. मी वैतागून म्हटलं, "तुम्ही तरी कुठं टाकलीय ओळख? फोरम तुमचा, आणि त्या कप्प्यात तुमचीच पोस्ट नाही. कुठले तुम्ही? वडील विचारत होते."

तुम्ही कपातल्या चहाकडे बघत होता. म्हणालात, "टाकीन. घाई काय आहे."

मी पुढे विचारलं नाही. बस आली आणि तुम्ही गेलात.

शेवटचा वाद तर आपला संपलाच नाही. मी म्हणत होतो, हे सगळे कप्पे काढा आणि एकच पान ठेवा. जे नवं येईल ते वर. आतल्या खणांपर्यंत कोणी जात नाही, तिथे लिहिलेलं तिथेच पडून राहतं. तुम्ही म्हणालात, मग व्हॉट्सअपचा ग्रुप काय वाईट होता? तिथेही सगळं वर येतं आणि संध्याकाळपर्यंत वाहून जातं. मी म्हटलं, निदान आतल्या खणात काही आलं तर पहिल्या पानावर दिसेल अशी सेटिंग करा. तेही नको. पहिलं पान स्वच्छ हवं. स्टोअरच्या दारात माल ठेवायचा नसतो.

आणि हे सगळं चाललेलं असताना तुम्ही फोन करून सांगता, "सूचनांमध्ये आणखी एक उपकप्पा केलाय. सदस्यांविषयी. त्यात एक खण, 'यापुढे उपलब्ध नाहीत'."

माझी परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, "काका, आहेत ते खण ओस पडलेत. यात कोण काय टाकणार?"

"आत्ता काही नाही."

"मग केलात कशाला?"

"रिकामा खण तयार असावा. वस्तू आल्यावर जागा शोधत बसायचं नाही."

तुमचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. घसा धरलाय म्हणालात. मी म्हटलं, करा काय करायचं ते, आणि फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं हे.

परीक्षा झाली. मी तुम्हाला मेसेज केले. ते पोचलेच नाहीत. मला वाटलं रुसलात. टँकरच्या खणात दोन सोसायट्यांची जुंपली होती, मी तुम्हाला लिहिलं, काका, बघा जरा. खोल्यांमध्ये कोणीतरी खोटी जाहिरात टाकली, तीही कळवली. उत्तर नाही. फोन बंद. घरचा पत्ता माझ्याकडे नव्हता. बावधन म्हणजे केवढं, त्यात कुठे शोधणार? आणि आडनाव माहीत नसलेल्या माणसाला कुठल्या सोसायटीच्या गेटवर विचारणार? वॉचमन पहिलं तेच विचारतो.

इकडे लोकांनी माझं डोकं खाल्लं. स्टोअरकाका नाहीत ना सध्या, मग उडवून टाक ते कप्पे, एकच पान कर. नवीन माणसाला काही सापडत नाही. हे असंच राहिलं तर फोरम बंद पडेल. काका, ते खरं होतं. लोक रोज कमी होत होते. तुम्ही नव्हतात आणि बटण माझ्या हातात होतं. मी ठरवलं, एकदम सगळं मोडायचं नाही, आधी जे खण कायम रिकामे आहेत तेवढे काढायचे.

काल दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून मी ते काम करत होतो. शेती, अवजारं, भाड्याने: रिकामा. काढला. रस्ते, घाट, दरडी: रिकामा. काढला. राग होता त्यामुळे हात भराभर चालत होता. प्रत्येक खण काढताना वाटत होतं, बघा काका, कोणी आलं नव्हतं इथे. मग सूचना, सदस्यांविषयी, यापुढे उपलब्ध नाहीत. हा तर मी न बघताच काढायला निघालो.

निघेना. संगणक म्हणाला, हा कप्पा काढता येणार नाही, यात एक पोस्ट आहे.

मी उघडली. काकूंची होती. त्यात कार्यक्रमाचा म्हणून दिलेला रविवार कधीच उलटून गेला होता. त्यांच्याखेरीज ती पोस्ट कोणी उघडलेलीही नव्हती.

त्यात दोन गोष्टी मला नव्या होत्या. एक, तुम्ही गेलात. दुसरी, तुम्ही कुठले.

पोस्टखाली काकूंचा नंबर होता. मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला आणि सवयीनं आधी ओळख सांगायला लागलो, की मी अनिकेत, फोरमवरचा. काकू म्हणाल्या, "माहीत आहे रे बाबा. भऱ्याचा ना तू."

मी म्हटलं, "काकू, आम्हाला कळलंच नाही."

"असं कसं? मी कळवलं की सगळ्यांना. दवाखान्यात असताना त्यांनीच शिकवून ठेवलं होतं, कुठं जाऊन लिहायचं ते. पहिलं सूचना दाबायचं, मग सदस्य. दोनदा करून घेतलं माझ्याकडून. मी बरोबर तिथंच टाकलं." मग म्हणाल्या, "खुर्च्या आणून ठेवल्या होत्या मी जास्तीच्या. फोरमवरचे येतील म्हणून."

काका, तुमच्या त्या स्वच्छ पहिल्या पानामुळे त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. हा वाद मी जिंकलो आणि कोणाला सांगू ते कळत नाही.

मी काकूंना दुसरंही विचारलं. म्हटलं, ते कुठले हे त्यांनी मला कधी सांगितलं का नाही?

"लिहायला बसायचे की. त्या ओळखीच्या कप्प्यात. तुझा फोन येऊन गेला की हमखास बसायचे. दोन ओळी लिहायचे, पुसायचे. म्हणायचे, पोरगं चांगलं आहे, त्याला काही वाटणार नाही. मग म्हणायचे, पण त्याच्या घरी जाऊन सांगेल, आणि मग चहाला येईल का नाही कुणास ठाऊक."

मी आलो असतो, काका. हे मी आता छातीठोक म्हणतोय आणि ते ऐकायला तुम्ही नाही, आणि वडील काय म्हणाले असते ते मला खरंच माहीत नाही. काल संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगितलं. तुमचं आडनाव वडिलांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "ओढ्याच्या पल्याड एक घर हुतं त्यांचं. पडलं ते कवाच. पोरगं शाळंत हुशार हुतं म्हनायचा माजा बाप." आणि उठून आत गेले. आमच्या देवळापासून ती जागा हाकेच्या अंतरावर आहे. तिथे आता एका कंपनीचं पत्र्याचं कुंपण आहे.

म्हणून ठरवलंय ते सांगतो. मी कप्पे मोडणार नाही. काल काढलेले रिकामे खणही परत केले, पाट्यांसकट. 'ओळख' कप्पाही राहील, दगडूमामांसारख्यांसाठी. पण कोणाला कुणाचा असं विचारलेलं दिसलं की मी ते पुसेन, तुम्ही पुसायचात तसंच. आणि तुमची पहिल्या पानाची सेटिंग मात्र मी बदलली. आता कुठल्याही खणात काही आलं की सगळ्यांना दिसेल. तुम्ही असता तर यावर आठवडाभर भांडला असता. भांडायला हवे होतात.

हे लिहिलेलं मी ओळखमध्ये टाकत नाही. काकूंच्या पोस्टखालीच टाकतोय, तुम्ही केलेल्या खणात, म्हणजे ते जागेवर राहील. ज्यांनी ती पोस्ट वाचलेली नाही, म्हणजे आपण सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी ती इथे जशीच्या तशी पुन्हा देतो.

सूचना › सदस्यांविषयी › यापुढे उपलब्ध नाहीत

कळविण्यास दुःख होते की आपल्या फोरमचे स्टोअरकाका, म्हणजे माझे पती कालकथित सोपान भिवा ओव्हाळ, मूळ गाव भरे, तालुका मुळशी, यांचे मंगळवारी पहाटे निधन झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी बावधन येथे राहत्या घरी ठेवला आहे. पत्त्यासाठी खालील नंबरवर फोन करावा. फोरमवरच्या कोणाला मी चेहऱ्याने ओळखत नाही. दारात आल्यावर फोरमवरून आलो एवढे सांगितले तरी पुरे. जयभीम. सुमन सोपान ओव्हाळ.